‘अनईव्हन’ या एका शब्दावर पारखलेला शब्दकोश

शब्दकोश विकत घेताना बहुतेक जण एखादा अवघड, लांबलचक शब्द काढून पाहतात आणि तो सापडला की समाधानाने पैसे देतात. इंग्रजी शिकवताना मला ही पारख फारशी उपयोगाची वाटलेली नाही. अवघड शब्दाला बहुधा एकच नेमका अर्थ असतो आणि तो कोणताही बरा कोश सांगतो. कोशाचा कस लागतो तो रोजच्या वापरातल्या, वरवर सोप्या वाटणाऱ्या विशेषणावर. म्हणून ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या कोशाच्या दहाव्या, म्हणजे २०२० साली निघालेल्या आवृत्तीचे हे परीक्षण मी ‘अनईव्हन’ या एकाच शब्दाभोवती ठेवले आहे. पुण्यात मराठी माध्यमातून शिकून पुढे महाविद्यालयात इंग्रजीतून विषय घेणाऱ्या मुलामुलींनी हा कोश घ्यावा का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. त्यांनी तो जरूर घ्यावा असे माझे मत आहे, परंतु तो एकटा पुरणार नाही हेही मी सांगणार आहे.

या मुलांच्या हाती सध्या जो कोश असतो तो खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश. त्यात ‘अनईव्हन’पुढे असमान, विषम, खडबडीत, उंचसखल असे चार-पाच शब्द स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात. यातला एकही शब्द चुकीचा नाही. अडचण अशी की कोणता अर्थ कुठे लागू करायचा याचा कोणताही खुणेचा दगड तिथे नसतो, आणि मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिणारा विद्यार्थी या शब्दांवरून उलट वाटेने चालू लागतो. दोन भावांचे पगार असमान आहेत, म्हणून ते ‘अनईव्हन’. दळण जाडसर आले, हाताला खडबडीत लागते, म्हणून तेही ‘अनईव्हन’. पहिल्या ठिकाणी इंग्रजी माणूस ‘अनईक्वल’ म्हणेल आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कोर्स’. विद्यार्थ्याला शब्द माहीत असतो, त्याचे स्पेलिंगही बरोबर असते, तरीही वाक्य परके वाटते, आणि का परके वाटते हे त्याला कोणी सांगत नाही.

‘विषम’ या प्रतिशब्दाने तर पुण्यात विशेष घोटाळा होतो. पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या, ही व्यवस्था इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या वाचत वाचतच आपण गाडी चालवायला शिकतो. सम म्हणजे ‘ईव्हन’ हे शाळेत पाठ झालेले असते, त्यामुळे विषम म्हणजे ‘अनईव्हन’ असणार, हा तर्क अगदी सरळ आहे. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला इंग्रजीत समजावून सांगताना मात्र ‘ऑड डेट’ असेच म्हणावे लागते. संख्येच्या बाबतीत ‘ईव्हन’चा विरुद्धार्थी शब्द आजच्या व्यवहारात ‘ऑड’ आहे; ‘अनईव्हन नंबर’ हा प्रयोग इंग्रजीत क्वचित आढळतो, पण गणिताच्या वर्गात किंवा रस्त्यावरच्या पाटीवर कोणी तो करत नाही. मराठीत ‘विषम’ हा एकच शब्द संख्या, लढत, वाटणी आणि समाजातली दरी या सगळ्यांना पुरतो. इंग्रजीने ही कामे ‘ऑड’, ‘अनईव्हन’ आणि ‘अनईक्वल’ यांच्यात वाटून दिली आहेत.

परीक्षणाचा विषय असलेला कोश या शब्दापुढे काय करतो, ते आता सविस्तर पाहू. तो अर्थ वेगळे करतो, प्रत्येक अर्थाची व्याख्या सोप्या इंग्रजीत देतो आणि, माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे, तो अर्थ कोणत्या नामाबरोबर जातो हे उदाहरणातून दाखवतो. जमीन, श्वास, नाट्यप्रयोग, सामना, साधनसंपत्तीची वाटणी: शब्द तोच राहतो आणि शेजारचे नाम बदलले की अर्थ सरकतो. हे सरकणे मराठी वाचकाने सावकाश पाहावे इतके बोलके आहे.

पहिला अर्थ पृष्ठभागाचा. जे सपाट, एका पातळीत किंवा गुळगुळीत नाही ते ‘अनईव्हन’. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरश्या वर्षानुवर्षांच्या वापराने खचतात, एक फरशी शेजारच्या फरशीपेक्षा बोटभर वर राहते, आणि अंधारात पायाला ठेच लागते. ही जमीन ‘अनईव्हन’ आहे. नव्या घरात लादी बसवून झाल्यावर गवंडी पाणसळ ठेवून पाहतो आणि ‘लेव्हल नाही, वरखाली झालंय’ म्हणतो, तेव्हाही इंग्रजीत हाच शब्द येईल. आता ती लादी स्वतः आरशासारखी चकचकीत असू शकते. तिला ‘खडबडीत’ म्हणता येणार नाही, तरी जमीन मात्र ‘अनईव्हन’ आहे. उलट काचपेपर टेबलावर पसरला तर तो संपूर्ण एका पातळीत असतो, पण बोट फिरवले तर खरखरतो. त्याला ‘रफ’ म्हणतात. ‘रफ’ हा स्पर्शाचा गुण आहे आणि ‘अनईव्हन’ हा पातळीचा. मराठीत ‘खडबडीत’ हा शब्द रस्त्यालाही चालतो आणि हाताच्या तळव्यालाही चालतो, म्हणून आपल्याला हा भेद आपोआप दिसत नाही. ‘उंचसखल’ किंवा बोलीतला ‘वरखाली’ हा शब्द या अर्थाच्या कितीतरी जवळचा आहे. खिशातल्या कोशात ‘खडबडीत’ आधी आणि ‘उंचसखल’ नंतर छापलेले असले, तर विद्यार्थी पहिला शब्द उचलतो आणि इथेच फसतो.

दुसरा अर्थ नियमितपणाचा. श्वास ‘अनईव्हन’ असतो तेव्हा तो नुसता जोरात चाललेला नसतो, त्याची लय मोडलेली असते: एक श्वास लांब, पुढचे दोन आखूड, मध्येच थांबलेला. दात ‘अनईव्हन’ म्हणजे एका ओळीत आणि एका आकाराचे नसलेले. केस कापताना एक बाजू लांब राहिली, शिवणाऱ्याच्या हातून परकराचा घेर खालीवर झाला, भाकरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ थापली गेली, भिंतीचा रंग कुठे गडद तर कुठे फिका बसला, या सगळ्यांना मराठीत आपण वेगवेगळे शब्द वापरतो. इंग्रजीत त्या सर्वांना हे एकच विशेषण पेलते.

तिसरा अर्थ मला शिकवताना सर्वांत उपयोगी पडतो, कारण विद्यार्थी तो हमखास चुकीचा घेतात. एखाद्या इंग्रजी दैनिकात नाटकाविषयी ‘अनईव्हन परफॉर्मन्स’ असे लिहून आले की वाचणारा समजतो, प्रयोग वाईट झाला. कोश तिथेच स्पष्ट करतो की काही भाग चांगले आणि काही वाईट असे त्याचे स्वरूप होते. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका मन लावून पाहणाऱ्याला हा अनुभव नवा नाही: सुरुवातीची पंधरा मिनिटे प्रेक्षागृह बांधून ठेवणारी एकांकिका पुढे सैल पडते आणि शेवटच्या प्रवेशात पुन्हा उभी राहते. असा प्रयोग ‘अनईव्हन’ असतो. या शब्दात टीका आहे, पण तिच्या पोटात दादही आहे, आणि परीक्षकाने हा शब्द वापरला तर त्याला त्या मंडळींत काही दिसले असा त्याचा अर्थ होतो. ‘बॅड’ आणि ‘अनईव्हन’ यांतले हे अंतर एका शब्दाच्या मराठी प्रतिशब्दाने कळणे शक्य नाही; ते वाक्यातून आणि कंसातल्या खुलाशातूनच कळते, आणि या कोशाने तो खुलासा केला आहे.

सामन्याच्या अर्थाला मराठीत कुस्तीच्या आखाड्यातला उत्तम प्रयोग आहे: जोड बरोबरीची नव्हती. एक मल्ल दुसऱ्यापेक्षा फारच भारी असेल तर ती लढत ‘अनईव्हन’ किंवा ‘अनईक्वल’. इथे दोन्ही शब्द चालतात आणि कोश तसे नोंदवतो.

वाटणीचा अर्थ समजावण्यासाठी पुणे जिल्ह्याइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि पूर्वेकडे बारामती, दौंड, इंदापूर या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत त्याहूनही उतरतो. पश्चिमेकडून येणारे ढग घाट चढताना बहुतेक पाणी टाकतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात, हे त्याचे कारण. भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात यालाच पावसाचे ‘अनईव्हन डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. इथे ‘अनईक्वल’शी असलेला भेदही नीट धरता येतो. लोणावळ्याचा आकडा आणि बारामतीचा आकडा समोरासमोर ठेवले तर ते आकडे ‘अनईक्वल’ आहेत; एकच पाऊस साऱ्या जिल्ह्यावर कसा पसरला याचा विचार केला तर ते पसरणे ‘अनईव्हन’ आहे. पगारांच्या वाक्यात ‘अनईव्हन’ का खटकते याचे उत्तरही इथेच आहे: तिथे तुलना दोन रकमांची होती, एका गोष्टीच्या पसरण्याची नव्हती. मुलांना हा भेद नियम म्हणून सांगितला तर ती विसरतात, पण जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून सांगितला तर त्यांना तो लक्षात राहतो, असे मी पाहिले आहे.

इथवर कोशाची बाजू भक्कम आहे. माझी पहिली तक्रार यापुढे सुरू होते. ‘अनईव्हन’ला इंग्रजीत मोठे गोतावळ्याचे घर आहे आणि वर्णानुक्रमाच्या कोशात ते घर मोडून त्याची माणसे सव्वीस दालनांत विखुरलेली असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर उंचवटे असतात म्हणून रस्ता ‘बम्पी’, आणि त्या रस्त्यावरून गेलेल्या बसमध्ये बसणारा हिंदकळतो म्हणून प्रवासही ‘बम्पी’. पावसाळ्यात ढगांतून विमान हेलकावे खात उतरले तर तेही ‘बम्पी’, आणि पुढे जाऊन एखाद्याला अडचणींचा काळ आला तर त्याच्या वाट्याला ‘बम्पी राइड’ आली असे म्हणतात. ‘अनईव्हन’ हा शब्द रस्त्याला चालेल, प्रवासाला चालणार नाही, हे विद्यार्थ्याला कळायचे तर त्याने ‘ब’च्या दालनात जाऊन ‘बम्पी’ उघडून वाचला पाहिजे, आणि त्यासाठी तो शब्द आधीच माहीत असला पाहिजे. सह्याद्रीचे उभे कडे ‘रगेड’, फुटलेल्या काचेची दातेरी कड ‘जॅग्ड’, मोबाइलची रेंज एका खोलीत येते आणि दुसऱ्या खोलीत जाते तेव्हा ‘पॅची’. ही सगळी ओबडधोबडपणाची आणि असमतेची रूपे आहेत, पण शिकणाऱ्याला ती एकत्र पाहायची सोय वर्णानुक्रमात नाही. हा दोष कोशप्रकाराचाच आहे हे मान्य करूनही, शिकवणाऱ्याने ही उणीव स्वतः भरून काढावी लागते, हे विकत घेणाऱ्याला माहीत असावे.

या गोतावळ्यातल्या एका शब्दाबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. पिठल्यात गुठळ्या राहिल्या तर इंग्रजीत ते ‘लम्पी’, आणि कापूस गोळा होऊन गाठी झालेली गादीही ‘लम्पी’. हा शब्द आपल्या गावागावांत गुरांच्या रोगाचे नाव म्हणून पोहोचलेला आहे. भारतात हा रोग २०१९ मध्ये पहिल्यांदा आढळला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्याने मोठे थैमान घातले; विषाणूमुळे जनावराच्या कातडीवर गाठी उठतात, म्हणून त्याचे इंग्रजी नाव ‘लम्पी स्किन डिसीज’. त्या वर्षी शेळ्यांच्या देवीवरची लस गुरांना टोचली गेली, आणि ज्यांनी कधी इंग्रजी कोश उघडला नव्हता त्या शेतकऱ्यांच्या तोंडी हे इंग्रजी विशेषण नाम होऊन बसले. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना ‘लम्पी’ म्हणजे गाठी असलेले असे सांगितले की त्यांना तो शब्द लगेच उमगतो, आणि ‘अनईव्हन’शी असलेला त्याचा फरकही कळतो: ‘लम्पी’मध्ये गाठ, गोळा, गुठळी अशी एक वस्तू हाताला लागते, ‘अनईव्हन’मध्ये केवळ पातळीचा किंवा लयीचा अभाव असतो.

हा कोश उदाहरणांवर इतका भर का देतो, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये शिकवण्यासाठी जपानला गेला. तिथे हॅरॉल्ड पामर या भाषाशिक्षणतज्ज्ञाबरोबर त्याने काम केले आणि ई. व्ही. गेटनबी व एच. वेकफिल्ड या सहकाऱ्यांसह जपानी विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. तो १९४२ मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, टोकियोत प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये पुन्हा छापला आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जात नाही, ज्यांच्या भाषेची रचना इंग्रजीहून अगदी वेगळी आहे, अशा माणसांना कुठे अडते हे वर्गात उभे राहून पाहिलेल्या शिक्षकांनी तो केला. मराठी विद्यार्थ्याची अडचण त्या जपानी विद्यार्थ्याच्या अडचणीसारखीच आहे, आणि इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या जाडजूड कोशांपेक्षा हा कोश आपल्या मुलांना जवळचा वाटतो त्याचे कारण मी हेच मानतो. व्याख्या लिहिताना निवडक, सोप्या शब्दसंचाचा आधार घेण्याची शिस्तही त्याच वृत्तीतून आलेली आहे.

उच्चाराची खूण छापील कोशात ध्वनिलिपीत असते आणि ती आपल्याकडे शाळेत नीट शिकवली जात नाही, त्यामुळे बहुतेकांचे डोळे तिच्यावरून सरकतात. ‘अनईव्हन’ची खूण मात्र पाहण्याजोगी आहे. आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे दीर्घ ‘ई’वर आहे, आणि शेवटच्या ‘व्हन’मध्ये स्वर जवळजवळ उरतच नाही; आपण ‘अनइवन’ असे तीन समान ठोक्यांत म्हणतो ते म्हणूनच ऐकणाऱ्याला अडखळवते. ज्यांना ध्वनिलिपी वाचता येत नाही त्यांनी या कोशाच्या संकेतस्थळावर ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकावेत. ते विनामूल्य आहे. सुरुवातीचा ‘अन’ आपल्याला परका वाटू नये, कारण ‘अनपेक्षित’, ‘अनावश्यक’ या शब्दांतला संस्कृत नकार आणि हा इंग्रजी नकार एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत.

दुसरी तक्रार मराठीच्या बाजूने आहे. हा कोश इंग्रजीतून इंग्रजी समजावतो, तेव्हा अर्थ कळल्यावरही ‘मग मराठीत काय म्हणू?’ हा प्रश्न उरतो, आणि भाषांतराचे काम करू पाहणाऱ्यांसाठी तो मुख्य प्रश्न असतो. तिथे मी आजही मागे वळून मेजर थॉमस कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाकडे आणि मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाकडे जातो. कँडी पुण्याच्या महाविद्यालयाचे प्रमुख होते आणि त्यांनी आपला कोश इथल्या बोलत्या मराठीच्या सान्निध्यात केला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, ती १९७५ मध्ये पुण्यातच पुन्हा छापली गेली, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही शोधता येते. उंचसखल, ओबडधोबड, खडबडीत, वेडावाकडा या शब्दांच्या छटा पाहायच्या तर तिथे पाहाव्यात. त्यांची इंग्रजी जुनी आहे, त्यामुळे इंग्रजी शिकण्यासाठी त्यांवर विसंबू नये. मराठी शब्द निवडण्यासाठी मात्र निःशंक विसंबावे.

वस्तू म्हणून या कोशाविषयी थोडक्यात सांगतो. तो जाड आहे, अक्षर बारीक आहे, कागद पातळ आहे, आणि दप्तरात रोज वागवण्याजोगा तो नाही. घरी टेबलावर किंवा वर्गाच्या कपाटात ठेवावा. ज्या मुलांना इंग्रजी वाक्य स्वतःहून वाचता येत नाही त्यांना तो इतक्यात देऊ नये, कारण व्याख्याच कळली नाही तर कोश नकोसा होतो. साधारण नववीपासून पुढे, आणि सुरुवातीला कोणीतरी शेजारी बसून दाखवणारे असेल तर, तो हाती द्यावा. विनामूल्य संकेतस्थळ उपलब्ध असताना छापील प्रत कशाला, असे विचारणाऱ्या पालकांना मी सांगतो की पडद्यावर मूल शोधलेला शब्द वाचून बाहेर पडते, पानावर मात्र त्याची नजर शेजारच्या ‘अनईव्हनली’वर आणि ‘अनइव्हेंटफुल’वर जाते, आणि शब्दसंपत्ती अशा शेजाराने वाढते.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत नवी प्रत मिळते. खर्च परवडत नसेल तर त्याच परिसरात जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे आठवी किंवा नववी आवृत्ती शोधावी. ‘अनईव्हन’सारख्या रोजच्या विशेषणांसाठी त्या आवृत्त्याही पुरेशा आहेत, नव्याने रूढ झालेले शब्द तेवढे त्यांत सापडणार नाहीत. जुनी प्रत घेताना मुखपृष्ठापेक्षा बांधणी पाहावी आणि मधली पाने सुटलेली नाहीत याची खात्री करून घ्यावी.